घरगुती कारणास्तव

माझ्या पहिल्या नोकरीची मुलाखत दहा मिनिटंसुद्धा चालली नाही. बारामतीच्या एमआयडीसीतली कंपनी, गाड्यांत बसवायच्या वायरींचे जुडगे बनवणारी. समोर एचआरचे मॅनेजर, शेजारी प्लँटचे प्रमुख. मी बारामतीतच एमबीए केलं होतं, कामगार कायद्याच्या पेपरात वर्गात पहिली आले होते, आणि बसमध्ये उभ्या उभ्या सगळी कलमं पुन्हा पाठ करून गेले होते. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"गाव कुठलं?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"बावडा. इंदापूर तालुका."

"घरी कोण कोण?"

अब्बांचं टेलरिंगचं दुकान आहे, आई घरी असते, धाकटी बहीण नर्सिंगला आहे, असं मी सांगितलं.

"म्हणजे गावाकडचं बोलता येत असेल?"

मी हसून म्हणाले, "येतं की. दुसरं काय बोलणार?"

ते प्लँटच्या प्रमुखांकडे वळून म्हणाले, "हेच पाहिजे आपल्याला. लाईनवर सगळ्या इथल्या खेड्यांतल्या बायका. पुण्याच्या पोरी बोलायला लागल्या की त्या तोंडच उघडत नाहीत. हिच्याशी बोलतील."

मला ते कौतुक वाटलं. आजही त्या खोलीतली मी आठवते, दुपट्टा सारखा करत हसणारी, आणि पहिला राग मला तिचाच येतो. माझ्या शिक्षणासाठी नाही, माझ्या बोलीसाठी त्यांनी मला घेतलं होतं. ती बोली कशाला वापरायची होती ते कळायला मला वर्षाहून जास्त लागलं.

नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. अब्बांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. कुणी विचारलं, एचआर म्हणजे काय, की ते गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळत आणि म्हणत, "माणसं नेमायचं काम हाय. माणसं सांभाळायचं." मला त्यांनी दोन नवीन कुर्ते शिवले, कॉलर साहेबी ठेवलेली. बारामतीत मी एका मावशींच्या घरी खोली घेऊन राहत होते. सकाळी कंपनीची बस यायची आणि शनिवारी संध्याकाळी मी एसटीनं इंदापूरला जाऊन तिथून बावड्याला जायचे.

काम मला आवडायचं, हेही खरं आहे. नव्या मुली भरती व्हायच्या, त्यांचे फॉर्म भरून घ्यायचे, ओळखपत्रं करायची, पीएफचे नंबर लावायचे, बसची तक्रार ऐकायची, कँटीनच्या भाजीची तक्रार ऐकायची. लाईनवर चक्कर मारायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच जायचे. लांबलचक फळ्यांवर खुंट्या ठोकलेल्या, त्या खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढत, टेप गुंडाळत बायका आठ आठ तास उभ्या. मी गेले की, "मॅडम, आज कुर्ता झ्याक हाय," असं कुणीतरी म्हणायचंच.

तिथंच मला ती भेटली. कळंबची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, पण लाईनवरच्या सगळ्या तिला ताईच म्हणायच्या, मग मीही म्हणायला लागले. बारावी झालेली, लग्न होऊन कळंबला आलेली, नवरा टेम्पो चालवायचा. तिच्यासारखी टेप गुंडाळणारी अख्ख्या प्लँटमध्ये नव्हती. नवीन मुलगी आली की सुपरवायझर तिला आधी ताईच्या शेजारी उभं करायचा. ताई एकदा करून दाखवायची आणि मग म्हणायची, "आता माझ्याकडं बघू नगं. वायरीकडं बघ." शिकवण्याचं वेगळं काही तिला मिळत नव्हतं आणि तिनं कधी मागितलंही नाही. तीन वर्षं ती तिथं होती, सात-सात महिन्यांच्या नेमणूकपत्रांवर. सात महिने झाले की आठ-दहा दिवस घरी, मग नवीन पत्र, जणू नवीनच माणूस आलं. ती पत्रं मीच छापायचे.

माझ्या नोकरीला सहा-सात महिने झाले असतील. एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर सुपरवायझर उभा होता. साहेब म्हणाले, "ती कळंबची ऑपरेटर. दिवस गेलेत तिला. चौथा महिना आहे म्हणे."

मी म्हणाले, "मग तिच्या सुट्टीचं बघायला लागेल. सव्वीस आठवडे."

सुपरवायझर खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. त्यांनी त्याला जायला सांगितलं, मग मला बसायला सांगितलं. म्हणाले, "कायदा मलाही माहीत आहे. पण लाईनवर तीनशे बायका आहेत. एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागते. आणि तिला तरी उभं राहून काम झेपणार आहे का? तिच्याच भल्याचं आहे. तिला नीट समजावून सांगा, राजीनामा घ्या. बाळंतपण झालं की परत घेऊ. तुमचं ऐकेल ती."

"साहेब, असा राजीनामा घेता येत नाही."

"घेता येत नाही. देता येतो," ते म्हणाले. "तिनं स्वतःहून द्यायचा आहे. तुम्ही फक्त मदत करायची."

हे वाक्य ऐकून मी उठून बाहेर गेले असते तर मला आज हे लिहावंच लागलं नसतं. मी उठले नाही. मी स्वतःला सांगितलं की परत घेणार आहेत, म्हणजे तसं नुकसान नाही. मी स्वतःला सांगितलं की माझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही. दुसरं कारण खरं होतं, पहिलं मी त्याच्यावर पांघरूण म्हणून घातलं होतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला वरच्या मीटिंगच्या खोलीत बोलावलं. तिथं एसी होता. ती दारातच थांबली. "मॅडम, पाय घाण हायत माझं," म्हणाली. मी तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आणि मग बोलले. कसं बोलले! बावड्याची सगळी भाषा मी त्या दिवशी वापरली. "ताई, किती दिस उभं ऱ्हाणार तुमी? उद्या काय झालं म्हंजी? घरी जावा, चार म्हैनं आराम करा. बाळ झालं की या, तुमची जागा कुटं जात न्हाय."

तिनं पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "पण मॅडम, शेलगावच्या एकीला तिच्या कंपनीत पगारी सुट्टी घावली म्हनं."

"ती पर्मनंट असंल," मी म्हणाले. मला माहीत होतं की पर्मनंट असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. वर्षभरात ऐंशी दिवस काम केलेलं असलं की झालं. ह्या प्रश्नाला मला परीक्षेत पूर्ण मार्क होते.

"मग परत घ्याल ना?"

"घेऊ की."

"तुमी म्हनताय म्हंजी हाय. तुमी आपल्याकडच्या हाय."

तिनं कागद मागितला. काय लिहायचं ते तिला सुचेना, म्हणून मीच लिहून दिलं. 'मी माझ्या घरगुती कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. याबाबत कंपनीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.' तिनं वाचलं, एकेक शब्द बोट ठेवून. खाली सही केली. उठताना मला म्हणाली, "तुमचं अक्षर लई सुंदर हाय."

मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "छान."

त्यानंतर हे काम माझंच झालं. मी आकडा सांगणार नाही, कारण मी तो मोजलेला आहे आणि मला तो उच्चारवत नाही. एकजण अंथुर्ण्याची होती, एकजण निमगावची, दोघी बारामतीच्या जवळच्या वस्त्यांवरच्या. कुणी रडली, एकजण तर मलाच म्हणाली, "बरं झालं मॅडम तुमी समजावलं, आमच्या घरच्यांना न्हाय कळलं." त्याच मीटिंगच्या खोलीत, तोच एसी, तेच वाक्य. प्रोबेशन संपलं. मला कायम केल्याच्या पत्रात साहेबांनी लिहिलं होतं की कामगारांशी माझा संवाद उत्तम आहे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी गेटवरून फोन आला. कुणी बाई आली आहे, लहान मूल घेऊन, मला भेटायचं म्हणते. मी साहेबांना सांगितलं की कळंबची ताई आली असेल, तिला परत घ्यायचं आहे. साहेब कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, "सध्या जागा नाहीये म्हणावं."

"पण आपण तिला सांगितलं होतं."

"आपण कुठं सांगितलं होतं? तिच्या राजीनाम्यात आहे का तसं काही?"

मी खाली गेले. गेटच्या कुंपणाला आठवड्यापूर्वीच फ्लेक्स लावला होता, मीच छापून आणलेला: महिला ऑपरेटर त्वरित पाहिजेत, बसची सोय. त्याच्या खाली, फ्लेक्सच्या जेमतेम सावलीत, ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. वजन कमी झालं होतं. केस नीट विंचरलेले, कामावर यायची तीच निळी साडी नेसलेली. ती कामावर रुजू व्हायला आली होती. बाळाला दाखवायला आणलं होतं फक्त, बाहेर नवरा टेम्पोत थांबला होता त्याला घेऊन जायला.

मला बघून ती हसली. "पोरगी झाली मॅडम. तुमच्यागत शिकवनार तिला."

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो. आधी तिला वाटलं की मी आज जागा नाही म्हणते, म्हणजे उद्या आहे. मग तिनं वर बघून फ्लेक्स वाचला, पुन्हा बोट फिरवावं तसा, एकेक शब्द. मग माझ्याकडं बघितलं. आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, कागदावर सही माझी व्हती. पन शब्द तुमचं व्हतं."

सिक्युरिटीवाला ऐकत होता. तिनं मागं वळून नवऱ्याला हात केला आणि गेली.

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत फायलींचं कपाट उघडलं. सगळे राजीनामे एकाच फायलीत होते, मीच लावलेले. मी ते एकामागून एक उलटत गेले. सह्या वेगवेगळ्या, एक-दोन अंगठे. बाकी मजकूर सगळ्या कागदांवर एकाच अक्षरातला, माझ्या. घरगुती कारणास्तव. घरगुती कारणास्तव. घरगुती कारणास्तव. कुणाच्या घरात काय कारण होतं? कुणाच्याच घरात काही कारण नव्हतं. कारण ह्या इमारतीत होतं, पहिल्या मजल्यावर, आणि त्याला मी घरगुती म्हणत होते.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मला वाटतं मी दार वाजवलं नाही. म्हणाले, "तिला परत घ्यायला पाहिजे. नाहीतर आपण खोटं बोललो असं होईल."

त्यांनी मला शांतपणे बसायला सांगितलं. मी बसले नाही. ते म्हणाले, "तुमचं वय बघता हे साहजिक आहे. मीही सुरुवातीला असाच होतो. पण एचआर म्हणजे समाजसेवा नाही. तुम्हाला करिअर करायचंय ना? मग दोन्ही बाजूंचं ओझं घेऊन चालत नाही, एक बाजू घ्यावी लागते." आणि मग, अगदी बापासारखं, "घरी जबाबदारी आहे तुमच्यावर. विचार करा."

मला त्यांचा त्या दिवशी जितका राग आला तितका ओरडणाऱ्या माणसाचा कधी आला नाही. ओरडणारा माणूस निदान कबूल करतो की भांडण चालू आहे.

त्या रविवारी मी बावड्याला गेले नाही. बारामतीहून इंदापूरच्या एसटीनं जंक्शन नावाच्या फाट्यावर उतरले, तिथून सीटमागे भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं कळंबला. तिचं घर विचारत गेले. अंगणात सासू शेंगा वाळत घालत होती. मी कंपनीतून आले म्हटल्यावर तिनं पदर खोचला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मला चपला काढायचंही सुचेना. मग ताई बाहेर आली. "बसा," म्हणाली. चहा केला. मी माफी मागितली.

"माफीचं मी काय करू?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. "ही रांगायला लागली. मी घरी बसलीय. आमच्या मालकांच्या टेम्पोवर समदं चालतंय. माफी कुटं ठिवू?"

सासू मधेच म्हणाली, "पोरी, तुजी आई हाय का गं?"

"आहे."

"मग तिला सांगितलंस का ह्यो धंदा करतीस म्हून?"

ताईनं सासूला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं ती आत गेली आणि राजीनाम्याची झेरॉक्स घेऊन आली. मीच दिली होती तिला, नियमाप्रमाणे. तिनं ती माझ्यासमोर ठेवली.

"मी वकिलाला दावली. त्यो म्हनला, सोताच्या खुशीनं दिलाय म्हून लिवलंय, काय चालायचं न्हाय. म्हनला, ज्यानं लिवलं त्यानंच सांगितलं की आमी लिवून घेतलं, तर चालंल. तुमी लिवून द्याल का?"

मी लगेच हो म्हणाले नाही. हे मला सांगावंच लागेल, कारण पुढं ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांना वाटतं की मी तिथंच पेन काढलं. मी म्हणाले, "मला थोडा वेळ द्या." ती म्हणाली, "घ्या की. मला बी दिला व्हता तुमी. जेवनाच्या सुट्टीतला."

मला तीन आठवडे लागले. मधल्या शनिवारी मी घरी गेले आणि अब्बांना दुकानात सगळं सांगितलं. ते काजाला टाके घालत होते, शेवटपर्यंत घालतच राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, खऱ्याच्या बाजूनं उभी राहा. तसं ते काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "लिहून दिलंस तर नोकरी जाईल?"

"जाईल."

"मग दुसरी लागंल का?"

"माहीत नाही. हे सगळे एचआरवाले एकमेकांना ओळखतात."

अब्बा चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मग हे पहिल्या कागदाच्या वक्ताला का नाही सुचलं? तेव्हा नाही म्हणाली असतीस तर त्या पोरीचंही वाचलं असतं अन् तुझंही. आता दोघींचं जाणार!" त्यांनी कात्री टेबलावर आपटली. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याच्याशीही नीट बोलले नाहीत. पण रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आईला म्हणाले, "ही नोकरी सोडून आली तर कुणी तिच्या लग्नाचा विषय काढायचा नाही. तिला तिचं करू दे." तो त्यांचा होकार होता. आईनं माझ्या ताटात भाकरी टाकली. सासूनं विचारलेला प्रश्न मी तिला सांगितला नाही.

मी लिहून दिलं. दोन पानं, माझ्याच सुंदर अक्षरात. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कुणाच्या सांगण्यावरून, मी काय बोलले आणि तिनं काय विचारलं. ऐंशी दिवसांचा नियम मला माहीत असूनही मी तिला खोटं सांगितलं, हेही लिहिलं. ताईनं ते तक्रारीला जोडून कामगार खात्यात दिलं.

कंपनीला नोटीस आली त्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता, माझ्या नावाचा, सहीला जागा सोडलेली. वरून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: घरगुती कारणास्तव.

मला हसू आलं. मी पेन घेतलं आणि ते दोन शब्द खोडले, इतके दाबून की कागद फाटला. वर लिहिलं: 'गरोदर कामगारांकडून राजीनामे कसे घेतले हे लेखी दिल्यामुळे.' आणि सही केली.

साहेब म्हणाले, "हा आम्ही स्वीकारू शकत नाही."

"मग काढून टाका," मी म्हणाले. "आणि कारण लिहून द्या."

त्यांनी कारण लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चाललं नाही, एवढंच. सिक्युरिटीवाल्यानं माझ्या टेबलावरची पिशवी आणून दिली. तो तोच होता, ताई गेटवर आली त्या दिवशीचा. तो म्हणाला, "मॅडम, बाटली ऱ्हायली असंल तर सांगा, आनतो." त्याच्या त्या बोलण्यानं मला रडू आलं, साहेबांच्या कशानंही आलं नव्हतं.

सुनावणीला आम्ही दोघी पुण्याला एकाच एसटीनं गेलो, शेजारी शेजारी बसून. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. भिगवण गेलं, कुरकुंभ गेलं, आम्ही फारसं बोललो नाही. ती माझी मैत्रीण झाली असं मी लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. ती झाली नाही. वाटेत तिनं मला अर्धी चपाती दिली, ती मी खाल्ली.

सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला कंपनीनं तडजोड केली. ताईला कामावर परत घ्यायचं, आधीची सुट्टी पगारी धरायची, तिनं तक्रार मागं घ्यायची. कंपनीची काही चूक झाली असं कुठंही लिहायचं नाही. कंपनीचा वकील म्हणाला, "गैरसमजातून घडलेला प्रकार." मी उठून म्हणाले, "गैरसमज नव्हता, मी स्वतः समजावून सांगितलं होतं." अधिकारी म्हणाले, "तुम्ही बसा, तक्रारदार त्या आहेत." मी ताईकडं बघितलं. तिनं सही केली. बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "बाकीच्या बायकांचं काय? ती अख्खी फाईल तशीच राहिली."

ती म्हणाली, "मॅडम, ती फाईल माझी न्हाय."

बरोबर होतं तिचं. तिच्या डोक्यावर अख्ख्या फायलीचं ओझं टाकायचा मला काय अधिकार होता? तिला नोकरी हवी होती, ती तिनं मिळवली. फाईल माझी होती. त्यानंतर मी आठवतील त्या सगळ्या गावांना गेले, अंथुर्ण्याला, निमगावला, वस्त्यांवर. जिला जिला लिहून हवं होतं तिला लिहून द्यायला. एकीनं दार लावून घेतलं. दोघी म्हणाल्या, झालं गेलं जाऊ द्या, घरात कटकट नको. एकीनं तेवढा कागद घेतला, घडी करून डब्यात ठेवला, पुढं काही केलं की नाही ते मला कळलं नाही.

मला वर्षभर नोकरी मिळाली नाही. मुलाखती चांगल्या व्हायच्या, मग फोन यायचा नाही. एका ठिकाणी एका बाईनं स्पष्टच सांगितलं, "तुमचं नाव आमच्या एचआरच्या ग्रुपवर आलं होतं." त्या काळात मी अब्बांच्या दुकानात बसून बटणं लावली. गावात लोक विचारायचे, आणि अब्बा, तेच अब्बा, टेप गुंडाळत म्हणायचे, "सोडली तिनं. पटंना तिला."

शेवटी इंदापूरजवळ फळांचा गर काढून डबाबंद करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. मालकांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली. मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याकडं असं काही करायची वेळ आली तर आधी मला सांगायचं, बाहेर नाही." मी म्हणाले, "आधी तुम्हालाच सांगेन." पाच वर्षं झाली. आता एचआर माझ्याकडंच आहे. दोनदा सांगायची वेळ आली. एकदा त्यांनी ऐकलं. एकदा लेखी मागितल्यावर ऐकलं. ह्याला मी चांगली कंपनी म्हणते, आणि असं म्हणावं लागतं ह्याचाही मला राग येतो.

मागच्या महिन्यात एका कॉलेजात एमबीएच्या मुलांपुढं बोलायला बोलावलं होतं. विषय दिला होता, एचआरमधल्या संधी. मी हेच सगळं सांगितलं, जसं झालं तसं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅम, पहिल्याच दिवशी तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? तुम्हाला तर कायदा माहीत होता."

वर्गात कुणीतरी तिला खाली बस म्हणालं. मी म्हणाले, "बसू नकोस. मी घाबरले होते. आणि मला वाटलं की घाबरणं म्हणजे समजूतदारपणा."

"मग आम्ही घाबरलो तर?"

"तर घाबरा. पण दुसऱ्याच्या नावानं कागद लिहू नका."

बाहेर आल्यावर विभागप्रमुखांनी मला सत्काराचा नारळ दिला, चहा पाजला. म्हणाले, "भाषण चांगलं झालं. पण मुलं नोकरीच्या तोंडावर आहेत, थोडं पॉझिटिव्ह बोलायला पाहिजे होतं. कंपन्या कँपसला येतात, त्यांनाही कळतं कोण काय बोललं."

मी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. म्हणाले, "सर, त्यांना कळावं म्हणूनच बोलले," आणि गाडीकडं निघाले.